चारही काचा ठप्प: गाडीच्या नोंदवहीतून

शनिवार, ३ ऑगस्ट २०२४

लोट्याहून सुटून घरी येताना परशुराम घाटात गाडीच्या चारही काचा मेल्या. आधी कळली ती माझ्या बाजूची. पाऊस जरा ओसरला होता, आतून काचेवर वाफ धरत होती, म्हणून अर्धी खाली घेतली. पुढच्याच वळणावर सर आली. बटण वर ओढलं, काही नाही. मोटरची घरघर नाही, काचेची थरथर नाही. डावीकडची दाबून बघितली, मागच्या दोन्ही बघितल्या. सगळ्या मुक्या. चिपळूण येईस्तोवर उजवी बाही पिळून काढण्याजोगी झाली होती.

गाडीची माहिती एकदा लिहून ठेवते. पेट्रोल हॅचबॅक, २०१२ चं मॉडेल, आमच्याकडे २०१७ पासून, दुसऱ्या हाताची. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी गावात शिरली तेव्हा हिच्यात सीटच्या बुडापर्यंत पाणी होतं. तेव्हा गाद्या, कार्पेट सगळं काढून वाळवलं होतं, तरी आमच्याकडे गाडीचं काहीही बिघडलं की पुरावर ढकलायची पद्धत आहे. आजही घरात पाऊल टाकताच पहिलं वाक्य तेच ऐकलं.

बाकी सगळं चालू: हॉर्न, वायपर, दिवे, सेंट्रल लॉक. आणखी एक. उतरताना दार उघडं असताना सवयीने बटण ओढलं, तर काच दोन बोटं वर सरकली आणि थांबली. परत ओढलं तर नाही. या मोटरींना फार तापल्यावर प्रवाह तोडणारं संरक्षण असतं, ते थंड होऊन क्षणभर चालू झालं असेल.

गादीबरोबर आलेलं जाड प्लॅस्टिक कापून खिडकीला टेपने लावलं. गाडी बाबांच्या पत्र्याच्या शेडमध्ये नेऊन ठेवली. सोमवारपासून कंपनीची बस.

रविवार, ४ ऑगस्ट

घरात गटारीचा बेत, त्यामुळे दुपारपर्यंत मला कोणी विचारणार नव्हतं. मीटर घेऊन शेडमध्ये.

एकच काच बंद पडली असती तर त्या दारातली मोटर, तिथलं बटण, तिथली वायर एवढंच बघायचं. चारही एकदम गेल्या म्हणजे जे काही चौघींचं सामाईक आहे ते गेलं. सामाईक गोष्टी मोजक्या: फ्यूज, रिले (छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू करणारा स्विच), ड्रायव्हरच्या दारातला चारही काचांच्या बटणांचा मास्टर स्विच आणि अर्थ, म्हणजे वीज गाडीच्या पत्र्यातून बॅटरीच्या मायनसकडे परतायची वाट. मुलांनी काचांशी खेळू नये म्हणून मास्टरवर लॉकचं बटण असतं ते आधी बघितलं, कारण त्यात लाज जाते. पण त्याने ड्रायव्हरची काच अडत नाही, त्यामुळे तो प्रश्न निकाली.

फ्यूज: ३० अँपिअरचा, हिरवा. काढून उजेडात धरला, पट्टी शाबूत. नुसत्या डोळ्यांवर विश्वास नको म्हणून परत बसवून पाठीवरच्या दोन बारीक भोकांत मीटर टेकवला. दोन्हीकडे १२.३ व्होल्ट. फ्यूज ठीक.

रिले: चावी फिरवली की टक करतो. टक करणं म्हणजे फक्त आतली कॉइल जिवंत आहे, कॉन्टॅक्ट जळलेले असू शकतात. शेजारी त्याच नंबरचा हॉर्नचा रिले आहे. अदलाबदल केली. हॉर्न वाजला, काचा हलल्या नाहीत. रिलेही ठीक.

मग अर्थ. डाव्या बाजूला पाय ठेवतो तिथल्या प्लॅस्टिकमागे बॉडीला एक बोल्ट आहे, पाच-सहा काळ्या वायरी त्यावर येऊन बसतात. बोल्ट तांबडा झालेला, वायरींच्या गोल टोकांवर हिरवट पावडर. इथे मला वाटलं की सापडलं. पूर, गंज, अर्थ, सगळं जुळतंय. बोल्ट काढला, टोकं सँडपेपरने चकचकीत केली, बॉडीवरचा पत्रा घासला, व्हॅसलीन लावून घट्ट आवळलं. दीड तास, आणि उकिडवं बसून कंबरेचा खुळखुळा.

काचा जिथल्या तिथे.

बाबा चहाचा कप घेऊन आले. ते एसटीच्या वर्कशॉपात बॅटरी-वायरिंगला होते, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. म्हणाले, "दिवा लावून बघितलास?" मी म्हटलं, "बाबा, मीटर आहे ना माझ्याकडे." त्यावर ते काही बोलले नाहीत. चहा ठेवून गेले.

मंगळवार, ६ ऑगस्ट

रजा टाकून गॅरेजला नेली. तिथल्या पोराने मास्टरची बटणं चार वेळा दाबली, कान लावला आणि निकाल दिला: मास्टर स्विच गेला. नवीन ३,४०० रुपये, मजुरी वेगळी, माल दोन दिवसांनी. मी विचारलं, कशावरून? म्हणाला, "ताई, पुराची गाडी आहे, स्विचच जातात."

त्याचा निष्कर्ष चुकीचाच असेल असं नाही. चारही काचांच्या तारा मास्टरमधून जातात, तो गेला तर चारही जाऊ शकतात. पण न तपासता ३,४०० घालवायचे नाहीत. मुंबईला भावाला फोन केला. त्याचं ऑफिस कुर्ल्याच्या जवळ आहे, सीएसटी रोडवर जुन्या गाड्यांचे सुटे भाग मिळतात. स्विचचा फोटो आणि मागच्या पिना मोजून पाठवल्या. म्हणाला, १५ ला येतोच आहे, घेऊन येतो.

गाडी परत शेडमध्ये. प्लॅस्टिकची टेप पावसाने सुटायला लागली आहे.

शुक्रवार, ९ ऑगस्ट

संध्याकाळी लवकर सुटले, दार उघडायला घ्यावं म्हणून पक्कड, कटर काढलं. आईने दारातूनच ओरडून सांगितलं, आज नागपंचमी आहे, चिरायचं-कापायचं नाही. मी म्हटलं, वायर कापायची नाहीये, नुसती बघायचीय. "कटर कशाला मग हातात?" यावर उत्तर नव्हतं. हळदीच्या पानातल्या पातोळ्या खाल्ल्या आणि हत्यारं पेटीत परत.

रविवार, ११ ऑगस्ट

ड्रायव्हरच्या दाराचं पॅड काढलं. हँडलच्या वाटीत एक स्क्रू, हात टेकतो तिथे दोन, एक प्लॅस्टिकच्या टोपीखाली लपलेला. तो न काढता ओढलं तर पॅड तडकतं. बाकी कडेने क्लिपा. चपट्या प्लॅस्टिकच्या पट्टीने एकेक उचकटल्या, दोन तुटल्या. त्यामागे पातळ प्लॅस्टिकचा पडदा, काळ्या चिकट लांबीने चिकटवलेला. हा पडदा फाडायचा नाही. काचेवरून दारात उतरणारं पाणी तो आत येऊ देत नाही. लोक घाईत फाडतात आणि पुढच्या पावसात कार्पेट का ओलं होतं म्हणून डोकं खाजवतात. हळूहळू सोलून वर दुमडून ठेवला.

मोटरचा कपलर (वायरींचा खटक्याचा जोड) सुटा करून यूपीएसची १२ व्होल्टची बॅटरी दोन वायरींनी थेट लावली. काच झपकन वर गेली. वायरी उलट लावल्या, खाली आली. पुन्हा वर करून ठेवली. आठ दिवसांनी ते प्लॅस्टिक निघालं. (अशी थेट मोटर चालवताना दुसऱ्याने खिडकीत हात घालायचा नाही. भाच्याला लांब उभं केलं होतं.)

म्हणजे मोटर उत्तम, मशीनही मोकळं. आता कपलर परत लावून, बटण दाबून, मोटरच्या एका पिनवर मीटरची लाल सुई आणि काळी सुई दाराच्या पत्र्याला. १२.२ व्होल्ट. बटण सोडलं, शून्य. उलट दाबलं, दुसऱ्या पिनवर १२.२. बटण वीज देतंय. मोटर चांगली आहे. तरी फिरत नाही.

इथे मी बराच वेळ दारासमोर स्टुलावर बसून होते.

मास्टरचा कपलर काढून अर्थच्या पिनला मीटर बझरवर लावून बघितला. बीप वाजला. अर्थही आहे.

मग उरलं काय? स्विचचे कॉन्टॅक्ट काजळलेले असतील, नुसतं व्होल्टेज दाखवतात पण मोटरचा भार पेलत नाहीत. तर्क बरा वाटला. तोच गॅरेजवाल्याचा निकाल होता म्हणून थोडा रागही आला.

स्विच उघडला. उघडताना तोंडाजवळ धरू नये, आतल्या दोन स्प्रिंगा आणि तांब्याची एक डुलती पट्टी उडून शेणाच्या घमेल्यापर्यंत गेली. सगळं सापडलं. पट्ट्यांवर काळपट डाग होते, पण जळाल्यासारखं, खड्डा पडल्यासारखं काही नाही. कॉन्टॅक्ट क्लीनर मारला, कोरड्या कापडाने पुसलं, बंद केला. फरक शून्य.

गुरुवार, १५ ऑगस्ट

भाऊ सकाळच्या गाडीने आला. कुर्ल्याचा स्विच ९०० रुपये, १,२०० वरून खाली आणलेला. झेंडावंदन करून आल्यावर बसवला. चारही काचा चालल्या!

भावाने "बघ, मी म्हटलं नव्हतं" असा चेहरा केला. त्याने काही म्हटलं नव्हतं. पडदा परत चिकटवला, पॅड बसवलं, तुटलेल्या क्लिपांच्या जागी नव्या घातल्या. ड्रायव्हरची काच खालून वर जायला चार सेकंद, डावी मागची मात्र सात. तिचं नंतर बघू.

एक गोष्ट खटकते आहे. जुना स्विच आतून इतका स्वच्छ होता, मग तो गेला कसा?

शनिवार, १७ ऑगस्ट

गेल्या. लोट्याला कंपनीच्या गेटवर पास दाखवायला काच खाली घेतली, मग वर जाईना. चारही. वॉचमनकाकांनी छत्री धरून बाहेरून दोन्ही तळव्यांनी काच वर ढकलायचा प्रयत्न केला. मोटरला थोडी जरी ताकद असली तर असा हात दिल्याने काच चढते. ही तसूभर हलली नाही.

पार्किंगला दार उघडून बाहेर पाय ठेवला, बटण ओढलं आणि काच सरळ वरपर्यंत गेली. दार लावलं, खाली दाबलं, काही नाही.

दार. पहिल्याच दिवसाच्या नोंदीत मी हे लिहून ठेवलंय आणि लगेच मोटर तापल्याचं स्पष्टीकरणही स्वतःच देऊन मोकळी झालेय. प्लँटमध्ये दुसऱ्या कुणी लॉगबुकात असं लिहिलं असतं तर मी त्याला झापलं असतं.

रविवार, १८ ऑगस्ट

आज बाबांना मीच बोलावलं. ते दिवा घेऊनच आले. पितळी होल्डर, त्याला दोन लांब वायरी, टोकांना चिमटे. वर्कशॉपातला, इन्सुलेशन टेपचे पाचसहा थर असलेला. त्यात बल्ब होता २४ व्होल्टचा, कारण एसटीच्या गाड्या २४ व्होल्टच्या. तो काढून आमच्याच गाडीच्या मागच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट, २१ वॅटचा बल्ब बसवला. होल्डर तोच चालतो.

बाबांनी आधी एक चिमटा बॅटरीच्या प्लसला लावला आणि दुसरा दाराच्या बिजागरीच्या बोल्टला. लख्ख पांढरा उजेड. "हा आपला शंभर टक्के." मग दुसरा चिमटा तिथून काढून मास्टरच्या कपलरमधल्या अर्थच्या पिनला, म्हणजे ज्या पिनला माझ्या मीटरने बीप दिला होता, त्याच पिनला.

बल्ब लालसर, विझत्या निखाऱ्यासारखा.

"आता दार हलव. सावकाश."

मी दार ओढलं. निखारा पिवळा झाला, मग पांढरा, लख्ख. पूर्ण उघडलं तसा टिकून राहिला. परत लावायला लागले, बिजागरीच्या एका कोनात फक्कन विझला, मग परत लाल. बल्ब बाबांच्या मांडीवर, पत्र्यावर पाऊस, आणि आम्ही दोघं ते दार पाळणा हलवावा तसं पुढे-मागे करत बसलो होतो. आई येऊन बघून गेली.

दारातल्या वायरी बॉडीत जातात तिथे, बिजागरीजवळ, सोंडेसारखी रबराची नळी असते. त्या सोंडेच्या आत काळी वायर तुटली आहे, पूर्ण नाही, जराशी टेकून आहे, हे आता दिव्याने सांगितलंच होतं. तरी माझं समाधान म्हणून मीटर लावला, या वेळी नीट. मास्टरचा कपलर जागेवर बसवून, मागच्या बाजूने अर्थच्या वायरीत टाचणी सरकवून, लाल सुई टाचणीला, काळी बॉडीला. काही न दाबता: ०.०० व्होल्ट. बटण ओढून धरलं: ९.६ व्होल्ट.

अर्थच्या पिनवर साडेनऊ व्होल्ट! १२.३ मधले ९.६ त्या काळ्या वायरीतच खर्च होतायत, मोटरच्या वाट्याला २.७. आणि मी ११ तारखेला काळी सुई पत्र्याला टेकवून मोटरच्या एकाच पिनवर १२.२ मोजून खूश झाले होते. दुसऱ्या पिनवर तेव्हा नऊ-साडेनऊ असणार, ती मी बघितलीच नाही. मोटरच्या दोन पिनांच्या मध्ये मीटर लावला असता तर तिथेच कळलं असतं.

एका अर्थवर चारही काचा का अडकाव्यात हेही आज स्वच्छ कळलं. काच वर-खाली करायची तर मोटरच्या वायरींची अदलाबदल करावी लागते. म्हणून बटण मोकळं असताना मोटरच्या दोन्ही तारा अर्थला टेकलेल्या असतात. बटण दाबलं की त्यातली एक अर्थवरून उठून प्लसला जाते, दुसरी अर्थवरच राहते. आता डाव्या दाराच्या बटणाला आमच्या गाडीत पाच पिना आहेत: एक प्लस, दोन मोटरकडे, दोन मास्टरकडे. अर्थची पिन नाहीच. त्याचा अर्थ येतो मास्टरमधून. मागच्या दोघींचाही तसाच. चार मोटरींची परतीची वाट एकच, ड्रायव्हरच्या दारातली ती काळी वायर. जे दार दिवसातून सगळ्यात जास्त वेळा उघडतं त्याच दारातली.

आणि मी फसले कशी, तर माझ्या रोजच्या कामामुळेच. ९.६ व्होल्ट पडतायत आणि मोटर अडकलेली असताना प्रवाह मोजला तो साधारण २.४ अँपिअर, म्हणजे त्या तुटक्या जागी ४ ओहम. मीटरचा बझर ४ ओहमला काय, ३० ओहमलाही बिनदिक्कत बीप देतो. मी आकडा बघितलाच नाही, आणि बघितला असता तरी चार ओहम बघून पुढे गेले असते. मी प्लँटमध्ये दिवसभर ४ ते २० मिलिअँपिअरच्या लूप, म्हणजे मोजमापाच्या यंत्रांचे सिग्नल नेणाऱ्या वायरी, तपासते. तिथे मुद्दाम २५० ओहमचा रेझिस्टर टाकतात, वायरीत चार ओहम इकडे-तिकडे झाले तर २० मिलिअँपिअरला ०.०८ व्होल्ट पडतात, कोण बघतो! तेच चार ओहम काचेच्या मोटरीसमोर भिंत होऊन उभे राहतात. बाबांचा बल्ब पावणेदोन अँपिअर मागतो म्हणून त्याला ती भिंत दिसली. माझा मीटर काहीच मागत नाही, त्याला सगळं आलबेल.

बाबांना हे सांगितलं तर म्हणाले, "अगो, हेच मी चार तारखेला सांगत होतो." सांगत नव्हते. एक प्रश्न विचारला होता फक्त. पण असू दे.

दुरुस्ती. बॅटरीचं मायनस सोडलं. सोंडेचं बॉडीकडचं तोंड बोटांनी आत दुमडून बाहेर काढलं. आत कापडी टेपने गुंडाळलेल्या वीसेक वायरी. टेप सोडून एकेक वायर दोन चिमटीत धरून हलकेच ताणली. चांगली वायर ताणली जात नाही. काळी जाडी वायर रबर बँडसारखी लांबली, कारण आत तांबं नव्हतंच, नुसतं वरचं प्लॅस्टिक. ब्लेडने उभी चिरली. हिरवी-काळी पावडर आणि त्यात केसाएवढ्या दोन तारा एकमेकींना टेकलेल्या. शेजारची प्लसची लाल-पांढरी वायरही ताणून बघितली, तीही थोडी लांबली. निम्म्या तारा तुटलेल्या. म्हणजे पुढच्या पावसाळ्यात हाच खेळ प्लसच्या बाजूने झाला असता.

हिशोब केला: दिवसाला आठ-दहा वेळा दार, बारा वर्षं, पस्तीस ते चव्वेचाळीस हजार वेळा ती वायर त्याच जागी वाकलीय. पूर आला नसता तरी तुटलीच असती.

जोड कसा द्यायचा यावर पाऊण तास वाद. बाबा म्हणाले, सोल्डर कर. मी म्हटलं, सोल्डर तारांमधून वर चढतो, तेवढा भाग काडीसारखा कडक होतो आणि त्या कडकपणाच्या काठावर वायर परत मोडते. आणि सोंडेच्या आत जोडच नको. बाबा म्हणाले, आम्ही एसटीत आयुष्यभर सोल्डर केलं. मी म्हटलं, आणि आयुष्यभर परत परत केलं असेल. हसले. मग माझ्या पद्धतीने: २.५ चौरस मिलिमीटरची, बारीक तारांची मऊ वायर, प्रत्येकी दीड फूट. एक जोड दाराच्या आत, एक पायाजवळच्या प्लॅस्टिकमागे, दोन्ही जिथे वाकत नाही तिथे. क्रिंप (पकडीने दाबून बसवायचा धातूचा जोड) आणि वरून गोंदवाली हीट श्रिंक ट्यूब, गरम केली की आवळून बसणारी. सोंडेतून वायर ओढायला सायकलचा आरा आणि टाल्कम पावडर. पावडर बाबांची युक्ती, आणि ती नसती तर आजही ओढत बसले असते. सोंडेत वायरींना जरा ढील ठेवली, दार पूर्ण उघडून बघितलं, ताण येत नाही.

पावणेसात वाजता बॅटरी जोडली. टाचणी, मीटर, बटण. अर्थच्या पिनवर, मोटर चालू असताना: ०.११ व्होल्ट. दार उघडं, बंद, अर्धवट, सगळीकडे ०.११.

मग कुर्ल्याचा स्विच काढून जुना बसवला. तोही उत्तम चालला. ९०० रुपयांचा स्विच डब्यात घालून वर चिठ्ठी चिकटवली. भावाला अजून सांगितलेलं नाही.

खर्च: वायर, क्रिंप, ट्यूब मिळून २१० रुपये.

मंगळवार, २० ऑगस्ट

ऑफिसात हा किस्सा सांगितला तर एकाने त्याच्या नव्या गाडीचं विचारलं, तिची एक काच अशीच अडते. त्याला म्हटलं, तुझ्या गाडीला बल्ब लावू नकोस. नव्या गाड्यांत बटण मोटरला सरळ वीज देत नाही, दारातल्या मॉड्यूलला निरोप देतं आणि मॉड्यूल मोटर चालवतं. बॅटरी काढल्यावर काचेला तिची वरची-खालची हद्द पुन्हा शिकवावी लागते, तेवढ्यानेही काही गाड्यांत काम होतं. पुस्तिकेत असतं ते. नाहीतर स्कॅनर. सोंडेतली वायर मात्र त्याच्याही दारात आहेच.

रविवार, २५ ऑगस्ट

डावी मागची काच, सात सेकंदवाली. व्होल्टेज मोटरच्या दोन पिनांच्या मध्ये मोजलं (शिकले): ११.६. म्हणजे वीज पुरेशी पोचतेय, काचच जड जाते. पॅड काढलं. काच ज्या रबरी खाचेतून सरकते तिच्या तळाशी बोट घातलं तर पिवळट, कोरडी, पिठासारखी माती. २०२१ ची. तीन वर्षं आत बसून होती. या दाराच्या बुडाला पाणी जायला तीन भोकं असतात, त्यातली दोन याच मातीने बुजलेली. तार घातली तसं अर्धा तांब्या गढूळ पाणी माझ्या पायावर. तर पुराचाही वाटा निघाला एकदाचा, पण तो इथे, मागच्या दारात, जिथे कोणी बोट दाखवलं नव्हतं.

खाच ओल्या फडक्याने तीनदा पुसली, वाळू दिली, सिलिकॉन स्प्रे मारला. ग्रीस किंवा तेल नाही, तेलाने रबर फुगतं आणि धूळ धरतं. आता पाच सेकंद. बाकी दारांची भोकंही तपासली, मोकळी आहेत.

शुक्रवार, ६ सप्टेंबर

हरताळका. उद्या चतुर्थी, आज गणपती आणायला जायचं. निघायच्या आधी बाबा मीटर घेऊन ड्रायव्हरच्या सीटवर बसले होते. एकेक काच नाही, चारही एकदम दाबून मला आकडा वाचायला लावला. ०.४ व्होल्ट.

"चार मोटरींना एवढं चालेल," म्हणाले आणि मीटर बंद करून मागे जाऊन बसले, पाट मांडीवर घ्यायला.

येताना बहादूरशेख नाक्याच्या अलीकडे सर आली. मूर्तीवर रुमाल होता, तरी बाबांनी मागून नुसतं "काच" म्हटलं. चारही बटणं एका हाताने ओढली. डावी मागची थोडी उशिरा पोचली.